हार्ड डिस्कमधलं जास्तीचं घर

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस. मशीन अडलं की त्याला कारण असतंच, ते सापडेपर्यंत शोधायचं, एवढंच मला ठाऊक. पण येलदरीला जे झालं ते कुठल्याच कारणात बसत नाही...

साल १९९४. मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर होऊन दोन-तीन महिने झाले होते. मी परभणीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो. माझे मामा येलदरी धरणाच्या वीजकेंद्रात नोकरीला, राहायला तिथल्याच कॉलनीत. एका ऑफिसनं मोडीत काढलेला कॉम्प्युटर त्यांनी हौसेनं घरी आणला होता.

मामीचं माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. (गावाचं नाव मुद्दाम देत नाही.) त्या गावात कुठे कुणाचं घर होतं, घरात कोण कोण होतं, याची यादी दोघं करत होते. मामी आठवून सांगायची, मामा टाइप करायचे — इंग्रजी अक्षरांत मराठी. पांगलेले गावकरी गुढीपाडव्याला जमणार होते, तिथे ती वाचायची होती. दिवाळीत अर्ध्या यादीचं प्रिंटआउट काढलेलं. बाकीची नुसती डिस्कवर.

आणि डिस्क अडायला लागली.

"लय हळू चालायलीय रे," मामा म्हणाले. "फाईल उघडायला चहा पिऊन होतो."

मी डबा उघडला. धूळ झाडली, केबल काढून परत बसवली, व्होल्टेज पाहिलं. सगळं ठीक. गंमत म्हणजे बाकीच्या फाईली पटापट उघडत होत्या. हीच एक फाईल, आणि तीही दरवेळी एकाच जागी अडायची... कर्र-कर्र, मग शांत, मग पुन्हा कर्र-कर्र. मला भारी कुतूहल वाटायला लागलं.

फ्लॉपीवर कॉपी करायला घेतली. स्क्रीनवर एरर. मी 'रिट्राय' दाबलं. पुन्हा एरर, पुन्हा रिट्राय. दुपार अशीच गेली. मामी शेजारी बसून होती. चारच्या सुमारास डिस्क एकदम सरळ फिरली आणि कॉपी पूर्ण झाली.

मामा प्रिंटआउटशी ताडून बघायला लागले आणि मध्येच थांबले.

"हे मी लिहिलेलं न्हाई."

मामीच्या वडिलांचं घर आणि मारुतीचं देऊळ यांच्यामध्ये एक नोंद जास्तीची होती. प्रिंटआउटवर ती नव्हती. मी मोठ्यानं वाचली — "ओढ्याकाठी पाल. धोंडाबाई. मुलगी सखू. मेंढरं."

मामीनं पदर तोंडाला लावला. "सखू! माज्याबरोबर खेळायची ती. मीच कशी इसरले?"

"मग तूच सांगितलं असशील," मामा म्हणाले.

"अवो, सांगीन कशी? तिच्या मायला आमी सखूची मायच म्हनायचो. नाव मला आजच कळायलंय."

मेंढपाळांचं ते कुटुंब, पालात म्हणजे तंबूत राहणारं. घर नाही, सातबारा नाही, त्यामुळे पुनर्वसनाच्या कुठल्याच कागदावर त्यांचं नाव नव्हतं. पाणी चढायच्या आधीच ते पाल उचलून निघून गेले होते.

ती नोंद वाचावी की नाही, यावर मामा दोन दिवस घुटमळले. मामी म्हणाली, "वाचा." पाडव्याला त्यांनी वाचली. मागे बसलेला एक म्हातारा उठला आणि म्हणाला, "सखूबाई? वालूरच्या अंगाला ऱ्हाती की."

आठवड्यानं आम्ही तिघं गेलो. सखूबाई मेंढरांना पाणी दाखवत होती. मामीला तिनं आधी ओळखलंच नाही, मग ओळखलं, आणि दोघी रडल्या. मी मामीला आधीच बजावलं होतं — नाव आपण सांगायचं नाही, फक्त विचारायचं.

"सखू, तुज्या मायचं नाव काय गं होतं?"

"धोंडाबाई," ती म्हणाली. "का बरं?"

मामा खरंच टाइप करून विसरले असतील, असं मी कितीदा स्वतःला समजावलंय. पण जे नाव त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, ते विसरणार तरी कसं? ती डिस्क पुढे महिनाभरात पार बंद पडली. मी उघडूनही पाहिली... आत फक्त चकत्या.

मामीनं त्या भेटीच्या दिवशीच सखूबाईला सगळं खरं सांगून टाकलं होतं. ती माझ्याकडे वळली. मग मला म्हणाली, "भाऊ, माय जाऊन लय सालं झाली. तिचं नाव कागदावर कवाच आलं न्हवतं. कुनी का लिव्हलं असंना... मला दाखव."

मी नव्यानं छापलेल्या यादीचा कागद तिच्या हातात दिला. तिला वाचता येत नव्हतं. मी तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं.