चादरीवर कधीच न दिसलेला डाग

आमची वहिनी एका जागी स्वस्थ बसलीय, हे दृश्य दुर्मीळच. लाँड्रीत रक्ताचे डाग काढायचं काम तिच्याकडे: हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे गाऊन. तिथला पहिला नियम, रक्ताला गार पाणी. गरम ओतलं की डाग कायमचा मुक्कामाला. घरी आली की पोट धरून येरझारा. मूल होत नाही म्हणून आई तिच्या हातात ताकदीच्या गोळ्या कोंबायची. "प्रतिकारशक्ती कमी आहे गं तुझी!" मला असा संताप यायचा!

शेवटी भांडून मी दादाला आणि तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. "पाळीत रक्तस्राव किती होतो?" बाईंनी विचारलं. वहिनीने तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "फार नसावा. चादरीवर कधी एक डाग पाहिला नाही."

कसा दिसेल, बाबा? घर जागं व्हायच्या आत ती सगळं धुऊन मोकळी!

तपासण्यांनंतर बाई म्हणाल्या, एंडोमेट्रिओसिस दिसतोय. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, पोटात रुजतात. त्या साफ करायला आलेल्या प्रतिकारपेशी साफ तर करत नाहीतच, उलट सूज वाढवतात, आणि मग दिवस राहणं अवघड होतं.

"प्रतिकारशक्ती कमी नाहीये, भरकटलीय. दुर्बिणीने ऑपरेशन करू. मूल होईलच असं नाही, पण शक्यता वाढेल."

"म्हणजे आत कोणीतरी गरम पाणी ओततंय," वहिनी म्हणाली.

घरी आईने साफ नकार दिला. "वरून काही दिसत नाही, आणि कसलं गं ऑपरेशन?" वहिनी स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून परत. मला बघवेना.

पुढच्या पाळीत एका सकाळी ती उठली, आवरलं आणि चादर तशीच टाकून कामावर गेली. मुद्दाम!

आई खोलीत शिरली आणि किंचाळलीच. डाग पार गादीपर्यंत उतरला होता. "अरे, हे दर महिन्याला?" तिने दादाला विचारलं. त्याला काय ठाऊक, कप्पाळ!

संध्याकाळी वहिनी आली तेव्हा आई न्हाणीघरात चादर घासत बसली होती. बादलीतून वाफा येत होत्या.

"आई, गरम पाणी कशाला घेतलंत? आता नाही निघायचा तो."

"नाही तर नाही," आई रडतच म्हणाली. "तू आधी ऑपरेशनची तारीख घे."