आत्याने पाहिलेले जंतू

पटकीच्या जंतूंवर मी चाळीस पानांचा इंग्रजी निबंध लिहिला, मुंबईच्या एका वैद्यकसभेने तो छापला, आणि पुढे सहा वर्षांत त्यावर कोणाचं साधं चिटोरंही आलं नाही. माझ्या संशोधनाचा परिणाम झाला तो एकाच व्यक्तीवर, माझ्या आत्यावर. तिला अक्षरओळख नव्हती.

आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. ठाण्यात टेंभीजवळच्या आमच्या आळीत तिच्या सोवळ्याचा मोठा दरारा होता. दवाखान्यातून आलो की आंघोळ होईपर्यंत मी ओसरीच्या आत पाऊल टाकायचं नाही. जंतू वाढवायला उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या लागत, आणि आमच्या घरात बटाटे यायचे ते उपासापुरते. "एकादशीला मी उपाशी आणि तुझे किडे तृप्त!" असं ती म्हणे, आणि तरी चार बटाटे बाजूला काढून ठेवी. बदल्यात मी तिच्या सुईत दोरा ओवून देत असे.

त्या वर्षी कल्याणकडून पटकी आली आणि आळीतल्या दोन घरांत शिरली. दोन्ही घरं एकाच विहिरीचं पाणी पीत. त्या पाण्यात मला जंतू सापडला. मी घरोघर फिरलो. लोकांनी बसायला पाट दिला, सुपारी दिली, माना डोलावल्या आणि माझ्यादेखत पोहरा विहिरीत सोडला. आत्याही त्याच विहिरीचं पाणी प्यायची. ती गेली तर आपलं कसं होणार, ही धास्ती मला लागली.

शेवटी मी सूक्ष्मदर्शक ओसरीवर आणला. पटकीचा जंतू इतका बारीक की तो दाखवून तिचं समाधान झालं नसतं. म्हणून मी विहिरीच्या कडेचं शेवाळलेलं पाणी घेतलं. त्यात मोठाले, वळवळणारे, पण अगदी निरुपद्रवी जीव होते. ही शुद्ध लबाडी होती.

"दिसतात का?" मी विचारलं. "धावताहेत ना? रोज पितेस तू हे!"

तिने नळीला बराच वेळ डोळा लावला. मग मटकन खाली बसली.

"म्हणजे एवढी वर्षं मी एकादशीलासुद्धा मांस खाल्लं?"

"पाणी उकळून पी, म्हणजे झालं."

"उकळून? म्हणजे शिजवून खाऊ?"

माझं शास्त्र तिथेच संपलं. तिने भटजींना बोलावून प्रायश्चित्त घेतलं, पंचगव्य प्यायली. त्या वाटीत काय काय असतं ते मी यंत्राखाली पाहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती विहिरीच्या काठावर जाऊन बसली आणि तिने येणाऱ्या प्रत्येक बाईला मांसाची गोष्ट सांगितली. दुपारपर्यंत विहीर ओस पडली. आळी लांबच्या विहिरीवर जाऊ लागली, आणि पटकी त्या दोन घरांपुढे सरकली नाही.

ती लबाडी मला पुढे फार टोचू लागली. एकदा आत्या वाती वळत बसलेली असताना मी सगळं सांगून टाकलं. तुला दाखवले ते जंतू पटकीचे नव्हतेच, म्हटलं.

"कुठले जंतू?" ती म्हणाली. "अरे, मला सुईचं नेढं दिसत नाही, तुझे किडे कुठून दिसणार? मला नुसता पांढरा उजेड दिसला. आणि तुझे हात दिसले. जेवढे कापत होते, तेवढे ते लहानपणी तापातसुद्धा कापले नव्हते."

"मग मांसाचं ते सगळं?"

"जंतूला कोण भितंय? बायका विटाळाला भितात."

म्हणजे माझा एकुलता एक वाचकही गेला. "आणि पंचगव्य?" मी विचारलं.

"ते मात्र प्यावं लागलं रे तुझ्यापायी," ती म्हणाली, आणि पुढची वात वळायला घेतली.