बिनआवतनाची दोन वर्षे

हिरासिंग नाईक शाळेच्या व्हरांड्यात उभा होता. मी आठवीच्या वर्गावर भूगोल शिकवत होतो. आमच्या गावाशेजारच्या तांड्यावरचा, मामांचा हा दोस्त कामाशिवाय यवतमाळला यायचा नाही, आणि आला तरी शाळेकडे फिरकायचा नाही. त्याने फेटा काढून हातात धरला होता. मी बाहेर आलो तेव्हा एवढंच म्हणाला, "मास्तर, चाल. मामा गेला." त्यावर मी काय विचारावं? दीड महिना झाला, तो प्रश्न अजून मला सोडत नाही. मी विचारलं, "काल काय खाल्लं होतं त्यांनी?" हिरासिंगने फेटा परत डोक्याला गुंडाळला. मग म्हणाला, "काही नाही रे भिया. तू भितीवर लिहून देलं, तेवढंच."

नामदेवमामा माझ्या आईचे थोरले भाऊ. वडील लहानपणीच गेल्यावर आईला आणि मला त्यांनी आपल्या घरी आणलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. स्वतःला सहीपुरतं लिहिता येई, पण मला शिकवायचं हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. छप्पन्न साली मी मॅट्रिक झालो आणि नागपूरच्या कॉलेजात निघालो, तेव्हा माझी ट्रंक डोक्यावर घेऊन बाभुळगावच्या मोटारीपर्यंत दोन कोस ते चालत आले होते. मी म्हटलं, "मामा, थोडा वेळ मी घेतो." तर म्हणाले, "भाचेबुवा, तुमी डोक्शात भरा. डोक्शावरचं मी पायतो." आमच्या घराण्यात कुणी चौथीच्या पुढे गेलेलं नव्हतं. मी जे काही आहे, ते त्या डोक्यावर ठेवलेलं होतं.

मी बी.ए. झालो तेव्हा मामांनी मारुतीच्या पारापुढे रोडग्यांची पंगत दिली. आवतन चूलबंद होतं. म्हणजे ज्या घरी आवतन गेलं, त्या घरची चूल त्या दिवशी पेटायची नाही, लहानथोर सगळे पंगतीला. रोडगे भाजावे ते मामांनीच. कणकेचे ते जाड गोळे गोवऱ्यांच्या आरात पुरायचे, आणि कोणता केव्हा काढायचा हे मामा बोटाने टिचकी मारून, आवाजावरून सांगत. गावात कुणाचीही पंगत असो, आरापाशी मामाच. मग फडक्याने राख झटकायची, रोडगा फोडायचा, तुपात बुडवायचा आणि टोपलं घेऊन ओळीओळीने फिरायचं. पत्रावळीवर आडवा हात धरणाऱ्याची धडगत नसे. "काहून बे, बायकोनं अर्धं पोट शिवून धाडलं काय?" अशी सगळी पंगत हसवत ते वाढत जात. जेवायला बसत शेवटच्या ओळीत, हिरासिंगच्या शेजारी, आपला पितळी गडवा पुढे ठेवून. आमच्याकडे पंगतीला पाण्यासाठी ज्याने त्याने आपापला गडवा न्यायचा असतो. खात किती? अर्धा रोडगा, वांग्याची भाजी आणि बोटभर गूळ. हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं होतं... पण लक्षात घेतलं नाही.

पुढे मी यवतमाळला मास्तर झालो, आई माझ्याकडे आली आणि इथेच वारली. मामांना सारखी तहान लागते, वजन उतरतंय, असं कळलं तेव्हा मी त्यांना यवतमाळच्या एका डॉक्टरांकडे नेलं. लघवी तपासून डॉक्टर म्हणाले, साखरेचा आजार आहे. साठीतला माणूस आहे, गोड आणि भात कमी करा, हिंडतं-फिरतं ठेवा, बाकी बेताने सगळं चालू द्या. बेताने हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. मला तो शब्द कच्चा वाटला. मी वाचनालयातून आरोग्यावरची पुस्तकं आणली, रात्र जागून टिपणं काढली आणि ठळक अक्षरात वेळापत्रक लिहिलं. पहाटे कारल्याचा रस, मग दोन मैल फिरणे, दोन वेळा ज्वारीची भाकर आणि पालेभाजी. गूळ, तूप, भात, रोडगे वर्ज्य. ते खळीने मामांच्या घरच्या भिंतीवर चिकटवलं. मामींना वाचून दाखवलं. मामा म्हणाले, "शिकलेल्या मानसाचं आयकाव लागते. त्याच्यासाठीच तं शिकोलं." मला अभिमान वाटला होता.

तेवढ्यावर मी थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मामा पंगतीत मोडतील अशी मला खात्री होती, म्हणून मी डॉक्टरांचा हवाला देऊन गावच्या पाटलांना पत्र लिहिलं. मामांना गावात कुणीही वरील पदार्थ देऊ नयेत, देणारा त्यांचा वैरी समजावा. पाटलांनी ते पारावर सगळ्यांना वाचून दाखवलं. शहरातल्या शिकलेल्या भाच्याचं पत्र, तेही डॉक्टरच्या नावानं. गाव घाबरलं.

आता जे मला, त्याच गावात वाढलेल्या माणसाला, कळायला हवं होतं ते असं. आमच्याकडे माणसाला बोलावून उपाशी ठेवणं ही घरधन्याची बेइज्जती. खाऊ घालायचं नाही तर बोलवायचं कसं? आणि न बोलावलेल्या माणसानं दुसऱ्याच्या आरापाशी जाऊन बसायचं कसं? आवतन देणारा मामांच्या दारी येई आणि मान खाली घालून म्हणे, "मामी, तुमी या." मामी म्हणत, "त्याईले सोडून मी कशी येऊ बाप्पा?" पुढे पुढे तो माणूस त्या दारासमोरून नुसता जाऊ लागला.

फिरण्याचंही तेच झालं. आमच्या गावात बिनकामाचं कुणी चालत नाही. मामा पहाटे रस्त्याला लागले की शेतांच्या धुऱ्याधुऱ्यावरून हाका येत, "काय मामा, बैल हारपला काय?" आठवडाभर त्यांनी उत्तरं दिली, मग लाजून फिरणं सोडलं. पंगतीच्या एका दिवसात हा माणूस टोपलं घेऊन किती चालत असे, याचा हिशेब मी कधी केला नव्हता. आता ते ओट्यावर बसू लागले.

पहिल्याच दिवाळीला मी गेलो, तेव्हा माझी बॅग उतरवून घेत ते म्हणाले, "भाचेबुवा, कायजीपोटी केलं, समजते मले. पन गावाले कायले सांगतलं? मले सांगतलं असतं तं मी तोंड बंद ठेवलं असतं. वाढाले हात तं मोकळे होते ना माहे." बस, एवढंच. आज वाटतं, त्याच पावली उठून पारावर जायला हवं होतं, हात जोडून पत्र मागे घ्यायला हवं होतं. मी काय केलं? वासना आणि संयम यांवर पाऊण तास बोललो. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि कारल्याचा रस पिऊन आले.

या सालच्या कापसाच्या वेचणीनंतर शेतात पऱ्हाटीचं धसकट पायात घुसलं. जखम चिघळली. मी डॉक्टरांना घेऊन दोनदा गेलो, पण ती भरली नाही. मामा गेल्यानंतर डॉक्टर माझं समाधान करायला म्हणाले, "पथ्य कडक पाळलं, म्हणून कदाचित दोन वर्षं जास्त मिळाली." असतील. मी खोटं म्हणत नाही. पण ती दोन वर्षं मामांनी ओट्यावर बसून काढली. दुसऱ्यांच्या आराचा धूर पाहत.

अग्नी मी दिला. तेरवीची पंगत मीच घातली, आणि आवतन द्यायलाही घरोघर मीच गेलो. दारात उभं राहून म्हणालो, "उद्या चूलबंद आहे." एका म्हातारीने विचारलं, "काय हाय जेवाले?" रोडगे, असं मी सांगितलं. तिने पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "आता कोन भाजन रे बाप्पा?" हिरासिंग माझ्याबरोबर होता. तो म्हणाला, "मी पायतो. मामासारखे नाही होणार."

सगळं गाव फिरून परत आलो, तर मामी ओट्यावर मामांचा गडवा राखेने घाशीत होत्या. मी म्हटलं, "मामी, आज कशाला?" त्या मान वर न करता म्हणाल्या, "गावात आवतन फिरनार असलं का ते सकायीच घासून ओट्यावर ठेवत. दोन वर्षं. कोनी आलं तं तयार असाव म्हनत. आवतनवाला पुढं गेला का मंग आत आनून ठेवत." मी भिंतीवरचं वेळापत्रक फाडायला आत निघालो, तर मामी म्हणाल्या, "राहू दे. त्याईनं एक दिवस मोडलं नाही ते."

दुसऱ्या दिवशी हिरासिंगने भाजलेले रोडगे बाहेरून करपले, आतून कच्चे राहिले. गावाने ते मुकाट्याने खाल्ले. मलाही आग्रहाने वाढलं, तूप ओतलं, गुळाचा खडा ठेवला. कुणी त्या पत्राचा विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

तो गडवा मामींनी मला दिला. माझ्या टेबलावर, पुस्तकांच्या शेजारी आहे. गावात कुणाकडे पंगत आहे असं हिरासिंगकडून कळलं की त्या दिवशी सकाळी मी तो राखेने घासतो आणि दाराशी आणून ठेवतो. संध्याकाळी आत आणतो.