एका खुर्चीच्या दोघी

माझ्या वहिनीला गप्प बसलेलं मी फक्त झोपेत पाहिलंय, आणि तेव्हाही खात्री देता येत नाही. ती बायकांचे केस कापायची. मोठ्या रस्त्यावरच्या सलूनमध्ये खिडकीजवळची खुर्ची तिची होती. तिथे बसलेल्या बाईच्या गळ्याभोवती कापड बांधलं की वहिनीची टकळी सुरू. बदली कुठे झाली, भाडेकरू निघाला का, सून कशी आहे, सगळ्याची चौकशी व्हायची. कापड बांधलेलं माणूस जाणार कुठे! बायका बोलता बोलता हलायचं विसरून जात, आणि वहिनीला तेच हवं असे. कात्री चालवणारे पुष्कळ आहेत, डोकं स्थिर ठेवून घेणं अवघड, असं ती आम्हाला जेवताना ऐकवायची.

मग तिला दिवस गेले. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात सगळ्यांनी तो विषय काढणं सोडून दिलं होतं. आईला रडू आवरेना. दादा, म्हणजे माझा भाऊ, घरं रंगवायची कामं घेतो. त्याने त्या दिवशी आनंदाच्या भरात कुणाच्या तरी स्वयंपाकघराला झोपायच्या खोलीचा रंग दिला आणि दुसऱ्या दिवशी निमूटपणे खरवडून काढला. मी मात्र उघडपणे नाचले. मला लाज वाटायचं कारण नव्हतं.

पंचाईत झाली ती वहिनीच्या नाकाची. सकाळी सलूनचं दार उघडलं की केसांच्या रंगाचा वास यायचा आणि तिला मळमळायला लागायचं. एकदा एका गिऱ्हाइकाचं अर्धं डोकं रंगवून ती बेसिनकडे पळाली. परत येईपर्यंत त्या बाईची एक बाजू नको इतकी लाल झाली होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दिवसभर उभं राहायचं नाही, आणि त्या वासात तर मुळीच नाही. वहिनीने मालकिणीला विचारलं, "दुपारनंतर थोडा वेळ येऊ का? गल्ल्यावर बसेन, फोन घेईन."

"पूर्ण वेळ जमत असेल तर ये, नाहीतर राहू दे," मालकीण म्हणाली. आठवडा उलटायच्या आत खिडकीजवळच्या खुर्चीमागे दुसरी मुलगी उभी होती.

त्या संध्याकाळी आमच्या घरात शांतता पसरली. मला ती अजिबात आवडली नाही. आई म्हणाली, आता आराम कर. दादा म्हणाला, मी आहे ना. दोघंही प्रेमाने बोलत होते, आणि वहिनी मान डोलवत होती. मग भांडी विसळताना तिने माझ्याजवळ मन मोकळं केलं.

"एकदा घरी बसले ना, की मूल शाळेत जाईपर्यंत मला कुणी उठवायचं नाही. तोवर माझं नावही विसरतील सगळे. मला काम हवंय गं. थोडं चालेल, पण माझं हवं."

"मग शोधू," मी म्हटलं. इतकं सोपं वाटलं होतं मला ते.

पुस्तकांच्या दुकानात शिडीवर चढायला लागणार होतं. बेकरीत तर ती दारातूनच परत फिरली. एका शाळेच्या ऑफिसात सगळं जुळलं होतं, पण कामाची वेळ सकाळची होती आणि सकाळी वहिनीचं डोकं बादलीत असायचं. बाकी ठिकाणी हसून विचारायचे, "कितवा महिना?" उत्तर ऐकलं की हसू मावळायचं आणि "कळवतो" म्हणायचे. या कळवतोवाल्यांना एकदा ओळीने उभं करून मला जाब विचारायचाय. अजून एकानेही कळवलेलं नाही.

शेवटी वहिनीने ठरवलं, आता सांगायचंच नाही. तिसरा महिना संपत आलेला, पोट म्हणावं तर दिसतही नव्हतं. पण तिला वाटे, रस्त्यावरच्या कुत्र्यालासुद्धा कळतंय. म्हणून माझा ढगळ कोट घातला, मांडीवर धरायला आईची भलीमोठी पिशवी घेतली, आणि धीराला मला.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीला तक्रारीचे फोन घ्यायला माणूस हवं होतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, पण बसून. ऑफिस तळमजल्यावर होतं. लिफ्टवाल्यांचा लिफ्टवर फारसा विश्वास नसावा. बाहेरच्या बाकावर पट्ट्यापट्ट्यांच्या झग्यातली एक बाई आधीच बसली होती. तिच्याही मांडीवर तेवढीच मोठी पिशवी, तीही दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. दोघी एकमेकींना चोरून न्याहाळत होत्या. एकच जागा आणि उमेदवार दोन, त्यामुळे बोलायचा प्रश्नच नव्हता.

तेवढ्यात एक मेकॅनिक ग्रीसने माखलेले हात घेऊन समोरून गेला. वहिनीने पिशवी माझ्या अंगावर फेकली आणि बाथरूम गाठली. पाठोपाठ पट्टेवालीनेही आपली पिशवी माझ्याकडे सोपवली आणि तीही तिकडेच गेली. ती उभी राहिली तेव्हा मला दिसायचं ते दिसलं. थोड्या वेळाने आतून एकदम खोखो हसणं ऐकू आलं. बाहेर आल्या त्या गळ्यात गळे घालायच्या बेतात.

"सहावा आहे तिला," वहिनी मला कुजबुजत म्हणाली, जणू मी आंधळी आहे. "सकाळी टुणटुणीत असते, पण जेवण झालं की पाय सुजतात आणि डोळे मिटतात. माझं नेमकं उलटं. म्हणजे बघ, आम्ही दोघी मिळून एक धडधाकट बाई होतो की नाही?"

"आत काय सांगणार आहेस?"

"हेच!"

मी तिच्या कोटाची बाही धरली. पण तिला अडवणं माझ्या हातात कधीच नव्हतं. आतून हाक आली तेव्हा दोघी एकदमच आत गेल्या आणि मी दारात उभी राहिले.

मालक किडकिडीत गृहस्थ होते. एक फोन कानाला, दुसरा हातात. "मी एकीला बोलावलं होतं," ते म्हणाले.

"एकच समजा," वहिनी म्हणाली. "सकाळी या बसतील, दुपारी मी. पगार एकच, तो आम्ही वाटून घेऊ. एकीला बरं नसलं तर दुसरी येईल. तुमच्या एकट्या बाईला ताप आला तर फोन कोण घेणार?"

"आणि दोघींना एकदम काही झालं तर?"

"छे! आमच्यात तीन महिन्यांचं अंतर आहे."

झालं! मी कपाळावर हात मारला. मालक आधी हिच्याकडे बघायला लागले, मग तिच्याकडे. "म्हणजे तुम्ही दोघीही..." असं ते म्हणतायत तोच टेबलावरचा फोन वाजला. त्यांचे दोन्ही हात अडकलेले. वहिनीने सरळ रिसीव्हर उचलला.

दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेला एक माणूस ओरडत होता. मला दारातूनही त्याचं दारावर बुक्के मारणं ऐकू येत होतं. वहिनीने पत्ता विचारून घेतला, मालकांनी खुणेनेच मेकॅनिकला पिटाळलं. पण माणूस काही थांबेना. श्वास कोंडतोय, मी मरतोय, असा धोशा. आणि वहिनीच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "मान जरा खाली घ्या बघू. हं, अशीच. आता हलू नका."

बुक्के थांबले.

"छान. घरी कोण कोण असतं?"

मग काय विचारता! त्याचा मुलगा, मुलाचं घर, त्या घराची गळकी गच्ची, मेव्हण्याने दिलेला चुकीचा सल्ला. मेव्हण्याच्या बाबतीत वहिनी पूर्णपणे त्याच्या बाजूने होती. मेकॅनिकने दार उघडलं तेव्हा, त्यानेच नंतर सांगितलं, तो माणूस मान खाली घालून उभा होता आणि म्हणाला, "एक मिनिट थांबा, बोलणं चाललंय." निरोप देताना वहिनी म्हणाली, "झालं हं, आता आरशात बघून घ्या." लिफ्टमध्ये आरसा होता. त्याने बघितलंसुद्धा.

मालक इतके हसले की त्यांना दोन्ही फोन खाली ठेवावे लागले. "महिनाभर बघू," ते म्हणाले.

तो महिना गेला, पुढचाही गेला. पट्टेवाली सकाळी बसायची, वहिनी दुपारी. दुपारी दोघींची गाठ पडली की एकमेकींना खबरी द्यायच्या. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना एकटं लिफ्टमध्ये जायची भीती वाटते, त्यांना वर पोचेपर्यंत फोनवर धरून ठेव. दवाखान्याच्या इमारतीतल्या साहेबांना आधी ओरडू दे, मग बोल. घरी आल्यावर आम्हालाही सगळं ऐकावं लागे. घरात पुन्हा गोंगाट झाला आणि आई दिवसभर तक्रार करत खूश राहिली.

पट्टेवाली बाळंतपणाच्या रजेवर गेली तेव्हा वहिनीच्या ओकाऱ्या थांबल्या होत्या. ती दोन्ही वेळा एकटीच बसायला लागली. काही दिवसांनी मालकांनी तिला बोलावलं. "तुम्ही एकट्याच छान सांभाळता आहात. आता पूर्ण नोकरी तुम्हीच घ्या. तुमच्या बाळंतपणात मी कसंतरी भागवेन, जागा तुमचीच राहील. त्यांना कळवून टाकतो, आता गरज नाही म्हणून."

"घे की!" दादा म्हणाला. मीही तेच म्हटलं. चालून आलेलं कोण सोडतं? वहिनी अख्खं जेवण होईपर्यंत ताटातला भात नुसता चिवडत राहिली. आई घाबरून डॉक्टरीणबाईंना फोन करायला निघाली होती.

"वन्सं," वहिनी मला म्हणाली. रागावली की ती मला असं म्हणते. "सलूनमध्ये माझ्या जागी आली ना, त्या मुलीचा मला कधी राग आला नाही. पण मी अजून त्या रस्त्याने जात नाही, लांबून वळसा घेते. आता पट्टेवालीने माझ्यामुळे वळसा घ्यायचा?"

मग तिचा आवाज बारीक झाला. "मला भीती वाटतेय गं. मालक चिडले तर दोघींनाही काढतील. ही नोकरी मला फार आवडते."

दुसऱ्या दिवशी तिने मालकांना सांगितलं, "अर्धी माझी आहे, ती माझी राहू दे. उरलेली तिची आहे, ती मी कशी घेऊ? ती येईपर्यंत मी पूर्ण वेळ बसते. मी गेले की ती बसेल."

"म्हणजे तुमच्या दोघींच्या बाळंतपणांवर माझी कंपनी चालायची!" मालक कडाडले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. त्यानंतर कित्येक दिवस ते वहिनीशी कामापुरतंच बोलले. आम्ही घरी धास्तावून होतो. दादाने तर पुन्हा एकदा रंग चुकवला.

वहिनीचे दिवस भरत आले तेव्हा मी तिला रोज न्यायला जायचे. असंच एका संध्याकाळी गेले तर पट्टेवाली ऑफिसच्या दारात उभी होती. वाळलेली, डोळ्यांखाली काळं. बाळाला आईजवळ ठेवून आली होती. आत पाऊल टाकायचं धाडस तिला होत नव्हतं. तिच्याही कानावर काहीबाही आलेलं दिसत होतं.

"माझी जागा आहे ना अजून?" तिने दारातूनच विचारलं.

वहिनी मालकांकडे बघायला लागली. मालक कागदांत डोकं खुपसून बसले होते, वर बघायलाच तयार नाहीत. वहिनीने टेबलाच्या कडेला दोन्ही हात रोवले आणि हळूहळू, कण्हत, खुर्चीतून उठली. उठून बाजूला झाली. या बाईला बोलायला सुचत नाही असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तेवढ्यात फोन वाजायला लागला. कुणीच उचलेना. दोनदा, तीनदा वाजला.

"अहो, दारात काय उभ्या राहिलात?" मालक पट्टेवालीवर खेकसले. "बसा ना तुमच्या जागेवर! कुणीतरी अडकलंय तिकडे."

ती धावत येऊन बसली.