सावलीतली बाटली

भोपाळला आमच्या कारखान्याच्या टाउनशिपच्या फाटकाबाहेर एक रंगरेज बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही; कोपरापर्यंत निळेजांभळे हात, एवढीच त्याची ओळख. माझ्या ओढण्या तोच रंगवायचा आणि उरलेलं पाणी आमच्या क्वार्टरांमागच्या नाल्यात सोडायचा. मी भांडायची, तो लाजून हसायचा.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत तेव्हा आम्ही एक बारीक पूड बनवत होतो. ऊन पडलं की ती पाण्यातला रंग मोडून टाकायची. रंगरेजाच्याच पातेल्यातलं निळं पाणी बाटलीत भरून मी त्यात ती घातली आणि बाटली त्याला बाहेर उन्हात ठेवायला सांगितली.

चार दिवसांनी पाहते तर पाणी निळंच! बाटली ओढण्यांशेजारी, सावलीत.

"रंग को धूप में कौन रखता है, बिटिया?"

मीच ती उन्हात नेली. संध्याकाळी पाणी नितळ. त्याने बाटली बराच वेळ डोळ्यांसमोर धरली.

"उम्रभर इस धूप से लड़ा हूँ. ये तो काम की निकली!"

दुसऱ्या सकाळी त्याने अख्खं पातेलंच उन्हात ओढून ठेवलं होतं, आणि शेजारी माझी वाट पाहत बसला होता.

माझ्याकडे पूड होती चिमूटभर.