एक्सचा पाचवा शब्द आणि आमच्या गल्लीचा टँकर

कुठून सुरू करू, तेच कळत नाही बघा. आधी गुन्हा कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. ऐन दुष्काळात आमच्या अख्ख्या गल्लीचं पाणी मी तोडलं. नळाची चावी फिरवून नाही, पाइप फोडून नाही. पेनानं.

तेव्हा आमचं लातूर नुकतंच उस्मानाबादेपासून सुटून जिल्हा झालं होतं. नवी ऑफिसं, नव्या खुर्च्या, दुकानांवर नव्या इंग्रजी पाट्या. जुना राहिला होता तो नळ, आणि तो आठ दिवसांतून एकदा नुसता खोकायचा. म्हणून टँकर सुरू होणार होते. ऑफिसचा माणूस गल्लोगल्ली फिरून घरं लिहून नेणार आणि यादीत नाव असेल त्याला चार घागरी. त्या आठवड्यात लातुरात कागद-पेन घेऊन कुणी दिसलं, की लोकांना पाणीच दिसायचं. हे मला माहीत होतं का? चांगलं माहीत होतं. तरी ऐका.

माझी लेक सुजाता पाचवीत. तिच्या इंग्रजीच्या बाईंनी एक खेळ काढला होता. प्रत्येकीला एक अक्षर द्यायचं आणि ते अक्षर असलेले पाच इंग्रजी शब्द तिनं शनिवारी फळ्यावर लिहायचे. पुस्तकातले चालणार नाहीत. एक जरी कमी पडला तर बाद. मागच्या शनिवारी सुजाता बाद झाली होती आणि दोन दिवस धड जेवली नव्हती. या वेळी तिच्या वाट्याला आला एक्स.

"बॉक्स, फॉक्स, सिक्स सगळे पुस्तकात आहेत," ती म्हणाली. "तुला येतात का गं दुसरे?"

मॅट्रिकला इंग्रजीत मी काठावर पास झाले, हे नवऱ्याला ठाऊक होतं, पण तो नोकरीला नांदेडला. लेकीला ठाऊक नव्हतं आणि ते तसंच राहायला हवं होतं.

"ढीगभर येतात," मी म्हणाले.

घरात डिक्शनरी नव्हती. पण नव्या जिल्ह्याच्या पाट्या होत्या ना! बुधवारी दुपारी वही घेऊन निघाले. पहिल्याच कापडाच्या दुकानावर 'टेक्स्टाईल' सापडलं. मान वर करून एकेक अक्षर उतरवून घेत होते, तेवढ्यात दुकानदार बाहेर आला. त्यानं पाटीकडे बघितलं, माझ्या वहीकडे बघितलं आणि रस्त्यावर आलेलं बाकडं गुपचूप आत ओढलं. मग चहा सांगितला.

"बाई, नव्या ऑफिसातून आलाव का? कशाचं लिहून राहिलाव?"

आता एवढी घोडी झालेली बाई, लेकीच्या खेळासाठी शब्द वेचतेय म्हणून सांगायचं?

"तसंच काहीतरी," म्हणाले आणि चहा प्याले.

पुढं लॉजवर 'डीलक्स', दवाखान्यावर 'एक्स-रे', बसवर 'लक्झरी'. चार झाले. पाचवा काही मिळेना. मागं वळून बघते, तर तीन बायका रिकाम्या घागरी घेऊन माझ्या मागं चालत होत्या.

घराकडे वळले, तर शेजारच्या रजियाभाभी ओट्यावर मशीन टाकून शिवत बसलेल्या.

"लिहून झालं का, बाई?"

"झालं, भाभी. एक राहिलाय, तेवढा उद्या शोधते."

"एक म्हणजे कोपऱ्यावरचं घर असंल. ते निलंग्याला गेलेत. लिहून टाका तुम्ही, येतील की."

मला काही उमगलं नाही. पण उन्हातून आलेलं माणूस कशालाही मान डोलावतं. मी डोलावली.

गुरुवारी पुन्हा पाट्या वाचत हिंडले, रिकाम्या हातानं परत आले. भाभी वाटच बघत होत्या.

"आज एक जण आला होता वही घेऊन. म्हणलं, आमची गल्ली काल झाली. आमच्या बाईनं सोता लिहिली. दोनदा लिहून दोनदा पाणी देणार हाय का? गेला बिचारा, गल्लीवर काट मारून."

मी तिथंच ओट्यावर बसले.

"भाभी, मी गल्ली नव्हती लिहिली."

"मग काय लिहिलं?"

"टेक्स्टाईल."

भाभींनी मशीन थांबवली. "त्येंच्या घरात किती माणसं हायत?"

त्या रात्री मलाही जेवण गेलं नाही. लेक बाद होणार ते होणारच, आता गल्ली पण बाद. मग ठरवलं. शुक्रवारी सकाळी पहिल्या दारापासून सुरुवात केली. प्रत्येक दारात आधी माफी, मग नाव, मग माणसं. "आता खरं लिहून राहिलाव ना?" एवढंच सगळ्यांनी विचारलं. सत्तेचाळीस घरं लिहून थेट ऑफिस गाठलं.

"तुमच्या गल्लीनं तर मला हाकललं," कारकून म्हणाला.

"गल्लीची चूक नाही, माझी आहे. आज टँकर पाठवा, नाहीतर मी इथून हलत नाही."

"बसा की. खुर्ची नवी हाय."

बसले. दुपार झाली, त्याचा डबा झाला, डुलकी झाली, तरी बसले. शेवटी कंटाळून त्यानं शिक्का मारला.

संध्याकाळी टँकर आला. यादीवाला नाव पुकारायचा, घागरी भरल्या की जिल्ह्याच्या ठिकाणाला शोभेल अशा आवाजात म्हणायचा, "नेक्स्ट!" पाच-सहा घरं झाली आणि सुजातानं माझा पदर ओढला.

"आई, नेक्स्ट. त्यात एक्स आहे."

पाचवा! पाणीही आलं, शब्दही आला. त्या क्षणी मी स्वतःला कलेक्टर समजत होते.

सगळी नावं झाली. माणसानं कागदाची घडी घातली.

"अहो, माझं राहिलं."

त्यानं घडी उलगडून वरपासून खालपर्यंत बघितलं. "यादीत न्हाई, बाई."

अक्षर माझंच होतं. सत्तेचाळीस दारं मीच वाजवली होती. अठ्ठेचाळिसावं दार माझं, ते कोण वाजवणार?

अख्खी गल्ली माझ्याकडे बघत होती. रजियाभाभींनी आपली भरलेली घागर कमरेवर घेतली, माझ्या रिकाम्या घागरीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "धरा, लिहिणाऱ्या बाई. नेक्स्ट."