वन बाय टू
इराणी चहाचा दाट वास आला की मला गौलीगुड्याच्या बसस्टँडजवळच्या इराणी हॉटेलातली ती सकाळ आठवते. माझ्या काकांच्या बस पुण्याला जात आणि शेजारच्या ट्रॅव्हल्सवाल्याच्याही, पण धंद्यातली चढाओढ बाजूला ठेवून दोघं रोज वन बाय टू मागवत, म्हणजे एकच चहा दोन कपांत. त्या दिवशी मीही बसले होते, नुकतीच वकील झालेली. शेजारी सहज म्हणाला, "दिवाली में मैं भाडा दुगना कर रऊं, भाई, तुम बी करलेव." काका हसून "हौ" म्हणणार, एवढ्यात मी त्यांचा हात धरला. "काका, बोर्डावर लावलेलं भाडं कुणीही बघावं. पण पुढचं भाडं आपसात ठरवणं बेकायदा आहे, नुसती मान हलवली तरी. स्पष्ट नाही म्हणा आणि उठा." काकांनी कप खाली ठेवला. मग "नक्को भाई, मेरा मैं देख लेतौं," म्हणत उठले. शेजाऱ्याचा चेहरा पडला. "चाय पे बी कानून लाए?" एवढंच तो म्हणाला, आणि पुन्हा त्या टेबलाशी कधी आला नाही. सल्ला बरोबर होता, आजही तोच देईन. पण काका अजून सवयीने वन बाय टू मागवतात आणि समोरचा कप गार होईपर्यंत बसून राहतात.